सिन्स, फॉर, यट, स्टिल, अगो: ओईटीच्या पत्रात वेळेचा कुठला शब्द कुठे?

कृष्णाकाठची (प्रश्न)

नमस्कार. बीएस्सी नर्सिंग झालं आहे, सध्या सांगलीत एका खासगी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला आहे. इंग्लंडला जायचं म्हणून ओईटीची, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी चालू आहे. ऐकणं, वाचणं, बोलणं यांचा सराव बरा चाललाय, अडते ती पत्रात, म्हणजे पेशंटच्या नोट्सवरून पत्र लिहायच्या लेखी भागात. एनएमसीला (तिकडची नर्सची नोंदणी करणारी संस्था) बाकी तिन्हींत ३५० गुण लागतात आणि पत्रात ३०० चालतात हे मला माहीत आहे. पण उद्या तिथे रोज नोट्स लिहायच्या आहेत, तेव्हा नुसतं पास होण्यापुरतं शिकायचं नाहीये मला.

क्लासमध्ये पत्र तपासून येतं तेव्हा बहुतेक लाल गोल वेळेच्या शब्दांभोवती असतात. शेजारी बरोबर शब्द लिहिलेला असतो, कारण लिहिलेलं नसतं. 'सिन्स टू डेज'चं 'फॉर टू डेज' होतं, 'टू डेज अगो'चं 'टू डेज अर्लियर' होतं, 'आफ्टर टेन डेज'चं 'इन टेन डेज' होतं. शेवटचं तर मला अजिबात पटलं नाही. 'इन टेन डेज' म्हणजे दहा दिवसांत ना? टाके दहा दिवसांनी काढायचे होते!

शिवाय यट आणि स्टिल, रीसेंटली आणि लेटली, फायनली आणि इव्हेंच्युअली यांत नेमकं काय बघून निवडायचं? आणि केस नोट्समध्ये '२/७', '३/५२' असं काहीतरी लिहिलेलं येतं, ते वाक्यात कसं मांडायचं? तिकडे काम करणारं कुणी असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.

नेरूरपार

सिन्सच्या पुढे ठरावीक वेळ, फॉरच्या पुढे कालावधी. यट नकारात आणि प्रश्नात, ऑलरेडी होकारात. कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात एका पानाचा तक्ता असतो, तो पाठ कर. परीक्षेपुरतं तेवढं पुरतं.

मिरजेची सिस्टर

कृष्णाकाठची, तू सांगलीची, मी मिरजेची. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) मिरजेतच केलं, आता यॉर्कशायरमध्ये सरकारी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला आहे. नेरूरपार म्हणतात तो तक्ता चुकीचा नाही, पण पत्र लिहायला हातात चाळीस मिनिटं असतात, आधीची पाच नोट्स वाचण्यात जातात. तेवढ्यात तक्ता आठवत बसता येत नाही. आणि तक्त्यात कारण नसतं, जे तुला हवं आहे.

मी नव्या मुलींना एकच सवय लावते. वेळेचा शब्द लिहायच्या आधी विचारायचं, मी मोजायला कुठून सुरुवात करतेय? आत्तापासून, की दुसऱ्या कुठल्या प्रसंगापासून? मराठीत हे बरेचदा संदर्भावर सोडून चालतं. इंग्रजीत त्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि वाचणारा डॉक्टर त्या शब्दावरून तारीख काढतो.

तुझा 'टू डेज अगो' घे. समज, पेशंट ३ मार्चला दाखल झाली, छातीत दुखणं १ मार्चला सुरू झालं होतं, आणि डिस्चार्जचं पत्र तू १० मार्चला लिहितेयस. मराठीत आपण सरळ म्हणतो, 'दाखल झाली तेव्हा दोन दिवसांपूर्वीपासून दुखत होतं', आणि सगळ्यांना कळतं. इंग्रजीत 'अगो' फक्त आजपासून मागे मोजतो, दुसरीकडून मोजायची त्याला सोय नाही. म्हणजे 'पेन स्टार्टेड टू डेज अगो' लिहिलंस की जीपीच्या, म्हणजे पेशंटच्या फॅमिली डॉक्टरच्या, डोक्यात ८ मार्च येणार. आणि ८ तारखेला बाई आपल्या वॉर्डात होती! तो वाचेल की हॉस्पिटलात असताना छातीत नव्याने दुखायला लागलं आणि दोन दिवसांत घरी सोडलं. तो फोन करून विचारेल, आणि विचारायलाच हवं त्याने. म्हणून 'व्हिच हॅड स्टार्टेड टू डेज अर्लियर'. 'अर्लियर' म्हणजे ज्या प्रसंगाबद्दल बोलतोय त्याच्या आधी. 'बिफोर'ही चालतो, पण त्याच्या पुढे कशाच्या आधी ते सांगितलेलं बरं: 'टू डेज बिफोर अ‍ॅडमिशन'. हे सगळ्यात स्वच्छ, मी हेच लिहिते.

उलट, ऑपरेशन पाच वर्षांपूर्वी झालं असेल आणि तू आजपासूनच मोजत असशील तर 'फाइव्ह इयर्स अगो' बरोबर. तिथे नुसतं 'फाइव्ह इयर्स बिफोर' अर्धवट राहतं. 'टू इयर्स बॅक' इथल्या लोकांना कळतं, पण पत्रात नको.

आता 'पासून'. 'सोमवारपासून ताप आहे' आणि 'दोन दिवसांपासून ताप आहे', मराठीत दोन्हीला एकच पासून. इंग्रजीत पहिला सिन्स, दुसरा फॉर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवता येत असेल तर सिन्स, बोटं मोजावी लागत असतील तर फॉर. हे बहुतेक जणींना जमतं. राहतं ते क्रियापद. आपण 'ताप आहे' म्हणतो, वर्तमानकाळ, म्हणून हात 'हॅज फीव्हर सिन्स मंडे' लिहितो. तिथे 'हॅज हॅड अ फीव्हर सिन्स मंडे' हवं. आणि हे नुसतं व्याकरण नाही. 'शी हॅज बीन टेकिंग मेटफॉर्मिन फॉर सिक्स इयर्स' म्हणजे गोळी चालू आहे. 'शी टुक मेटफॉर्मिन फॉर सिक्स इयर्स' म्हणजे घेत होती, आता बंद. फॉर दोन्हीकडे तोच, सहा वर्षं तीच. जीपीने प्रिस्क्रिप्शन पुढे चालू ठेवायचं की नाही, हे त्या एका क्रियापदावर आहे.

'इन टेन डेज'बद्दल तुझी शंका रास्त आहे. आपल्याकडे 'दहा दिवसांत' आणि 'दहा दिवसांनी' यांत स्पष्ट फरक आहे, आणि इंग्रजी 'इन' बघून आपल्याला 'त' आठवतो. पण भविष्याबद्दल बोलताना, म्हणजे टाके काढायचे, परत दाखवायला यायचं, अशा ठिकाणी 'इन टेन डेज' म्हणजे आपलं 'दहा दिवसांनी'. 'दहा दिवसांत'ला 'विदिन टेन डेज'. तू टाक्यांबद्दल विदिन लिहिलंस तर डिस्ट्रिक्ट नर्स (घरी जाऊन बघणारी) चौथ्या दिवशीही काढायला मोकळी. आणि 'आफ्टर टेन डेज'ला पुढची हद्दच नाही. दहाव्यानंतर कधीही, विसाव्या दिवशीसुद्धा. म्हणून तुझ्या सरांनी तो बदलला. मी तर पुढे तारीखही लिहिते: 'इन टेन डेज, ऑन ट्वेंटी मार्च'. मग कुणाला मोजायचं कामच राहत नाही.

इथेच आपली आणखी एक सवय आडवी येते. आपण 'आठ दिवसांनी या' म्हणतो तेव्हा पेशंट सोमवारचा सोमवारी येतो. म्हणजे सातच दिवस. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे दोन आठवडे, चौदा दिवस. आपल्या ओपीडीत कुणाचा कधी घोटाळा होत नाही. पण डोक्यात आठ दिवस आणि कागदावर 'एट डेज' असं झालं की इथला वाचणारा खरोखर आठ मोजतो, सोमवारचा मंगळवार होतो, आणि मंगळवारी ते क्लिनिक नसतं. 'इन वन वीक' लिही. पंधरवड्याला 'इन टू वीक्स'. 'फॉर्टनाइट' इथे रोजच्या बोलण्यात आहे, चौदा रात्रींवरूनच आलाय तो, पण पत्रात आकडा बरा.

'पर्यंत'चंही तसंच. 'शुक्रवारपर्यंत ड्रेसिंग बदला' म्हणजे शुक्रवार उलटू देऊ नका: 'बाय फ्रायडे'. 'शुक्रवारपर्यंत अँटिबायोटिक चालू ठेवा' म्हणजे तोवर रोज: 'अंटिल फ्रायडे'. एकदाच व्हायचं काम असेल तर बाय, चालू राहायचं असेल तर अंटिल. त्यातही अंटिल म्हटल्यावर शुक्रवार धरायचा की नाही यावर वाद होतो, तेव्हा 'लास्ट डोस ऑन फ्रायडे' लिहून मोकळं व्हायचं.

आता यट आणि स्टिल. हे दोन मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात, कारण इथे अर्थ जवळजवळ सारखा असून सूर वेगळा आहे, आणि वॉर्डात सुरावरच पुढची नर्स पावलं उचलते. मराठी 'अजून' दोघांचंही काम करतो. समज, सकाळी सात वाजता पेशंटचं कॅथेटर (लघवीची नळी) काढलं. दहा वाजता तू लिहितेस, 'ही हॅज नॉट पास्ड युरीन यट'. म्हणजे झाली नाही, होईल, वाट बघतोय. काळजी नाही. दुपारी दीड वाजता हँडओव्हरला, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना, तू म्हणतेस, 'ही स्टिल हॅजन्ट पास्ड युरीन'. म्हणजे एव्हाना व्हायला हवी होती. साधारण सहा तासांच्या आत होणं अपेक्षित असतं. हे वाक्य ऐकलं की दुपारची नर्स स्वतःचा चहा बाजूला ठेवून ब्लॅडर स्कॅनर घेऊन त्या बेडकडे जाते. तू तेव्हाही यट म्हटलंस तर व्याकरण बरोबरच राहील, पण ती आधी बाकीचे पेशंट बघून येईल. मराठीत हे काम आपण आवाजाने करतो, 'अजून नाही झाली' आणि 'अजूऽऽन नाही झाली'. कागदावर आवाज उतरत नाही, म्हणून शब्द निवडायचा.

होकारात मात्र 'अजून' म्हणजे स्टिलच. 'अजून दुखतंय' म्हणजे 'शी इज स्टिल इन पेन'. इथे यट लिहू नकोस. आणि 'अजून एक गोळी द्या'मधला अजून हा वेळेचा नाहीच, तो 'वन मोर'. 'देअर इज स्टिल वन टॅब्लेट' म्हटलंस तर एक गोळी शिल्लक आहे असा अर्थ होईल.

ऑलरेडीत इशारा असतो. 'शी हॅज ऑलरेडी हॅड हर मॉर्निंग डोस' म्हणजे पुन्हा देऊ नका. त्याच्यासोबत वेळ लिहायची. नुसतं 'ऑलरेडी हॅड पॅरासिटामॉल'ने पुढचीला काय कळणार? दोन डोसांत कमीत कमी चार तास हवेत आणि मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. '०६:१५ला दिलं' असं हवं. प्रश्नात तर ऑलरेडी जपून वापर. ऑपरेशनला उपाशी राहिलेल्या माणसाला 'हॅव यू ऑलरेडी ईटन?' विचारलंस तर त्याला वाटेल तू रागावलीस. इथे विचारतात, 'व्हेन डिड यू लास्ट ईट ऑर ड्रिंक?' हा 'लास्ट' लक्षात ठेव, रोज शंभरदा लागतो. 'व्हेन डिड यू लास्ट ओपन युअर बॉवल्स?' (शौचाला शेवटची कधी झाली?), 'व्हेन डिड यू लास्ट टेक इट?' ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेतही उपयोगी पडेल.

बाकीचे पटकन सांगते. रीसेंटली एकदाच घडलेल्या गोष्टीलाही चालतो, 'शी रीसेंटली हॅड अ फॉल'. लेटली चालू असलेल्या किंवा पुन्हा पुन्हा होणाऱ्या गोष्टीला, 'शी हॅज बीन फीलिंग डिझी लेटली'. लेटलीचा उशिराशी संबंध नाही. पण पत्रात दोन्ही कमजोरच. पडली तर कधी, तारीख लिही. 'सध्या'ला करंटली. प्रेझेंटली टाळ. इथल्या म्हाताऱ्या माणसांना तो 'थोड्या वेळात' असा ऐकू येतो, इतरांना 'सध्या'.

'शेवटी' या आपल्या शब्दाचे इंग्रजीत बरेच तुकडे होतात. यादीतली शेवटची गोष्ट सांगताना लास्टली किंवा फायनली. बरेच दिवस किंवा बऱ्याच खटपटीनंतर काही झालं तर इव्हेंच्युअली, 'द वुंड इव्हेंच्युअली हील्ड'. पण 'द डॉक्टर इव्हेंच्युअली सॉ हर' लिहिलंस तर ती तक्रार झाली, डॉक्टर उशिरा आले अशी. अ‍ॅट लास्टमध्ये सुटकेचा श्वास आहे, तो घरच्यांशी बोलताना ठीक, पत्रात कधीच नाही. नुसतं 'त्यानंतर' म्हणायचं असेल तर सब्सिक्वेंटली.

'२/७' हे इथले डॉक्टर हाताने लिहितात. खालचा आकडा सात असेल तर दिवस, बावन्न असेल तर आठवडे, बारा असेल तर महिने. २/७ म्हणजे दोन दिवस, ३/५२ म्हणजे तीन आठवडे, ६/१२ म्हणजे सहा महिने. पत्रात तसं उतरवायचं नाही, पूर्ण शब्दांत लिहायचं. त्या आकड्याच्या आधी गुणिलेची खूण असेल तर फॉर, 'रिव्ह्यू ३/५२' असेल तर 'इन थ्री वीक्स'. तोच आकडा, पण एकीकडे किती काळ ते आणि दुसरीकडे कधी ते.

आणि 'टुडे मॉर्निंग', 'यस्टरडे नाइट' बंद कर. 'धिस मॉर्निंग', 'लास्ट नाइट'. नाइट ड्यूटीला तर तेही नको. आपण 'सोमवारी रात्री दोनला' म्हणतो, पण घड्याळात तोवर मंगळवार लागलेला असतो. चोवीस तासांचं घड्याळ आणि तारीख, बस.

एडिसनकर

न्यू जर्सीत फार्मसीत काम करतो. सिस्टरनी लिहिलेलं वाचून आनंद झाला, फक्त एक जोडतो. इथे अमेरिकेत यट आणि ऑलरेडीबरोबर साधा भूतकाळ सर्रास चालतो. 'डिड यू टेक इट यट?', 'आय ऑलरेडी टुक इट'. ब्रिटिश कानाला ते खटकतं, तेव्हा ओईटीत 'हॅव यू टेकन'च धरा. मोमेंटरिलीचंही तसंच. इथे 'द डॉक्टर विल बी विथ यू मोमेंटरिली' म्हणजे आत्ता येतील, इंग्लंडात जुन्या वळणाचा माणूस त्याचा अर्थ 'क्षणभरच येतील' असा घेईल.

किती वेळा घ्यायचं हे सांगणारे शब्द मात्र दोन्हीकडे धोक्याचे. 'बायवीकली' म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? शब्दकोश दोन्ही अर्थ देतात. आम्ही तो शब्द लेबलवर येऊच देत नाही. मेथोट्रेक्सेट सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे, आणि ती रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत. म्हणून नुसतं वीकली न लिहिता वार लिहायचा. आणि 'वन्स अ डे'मधला वन्स ज्या अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांचा स्पॅनिशमध्ये अर्थ अकरा! आमच्याकडे स्पॅनिश बोलणारे पेशंट पुष्कळ, तेव्हा आम्ही 'वन टाइम' लिहून वर तोंडीही सांगतो.

वाईचा मास्तर

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. सिस्टरच्या उत्तरात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, पण कारणं विचारली आहेत म्हणून अगोबद्दल सांगतो. तो मुळात 'अगॉन' होता, म्हणजे 'गेलेला'. 'टू डेज अगो' म्हणजे 'दोन दिवस गेले'. कुणाच्या हिशेबाने गेले? जो बोलतोय त्याच्या. म्हणून त्याला आजपासूनच मोजावं लागतं. आपल्या 'दोन दिवस झाले'सारखाच तो आहे.

प्रेझेंटलीला दोन अर्थ का, तर 'लगेच' या अर्थाचे शब्द इंग्रजीत हळूहळू सैल पडत गेले. सून हा जुन्या इंग्रजीत 'लगेच' होता. अ‍ॅनॉनही तसाच. 'बाय अँड बाय' आज 'यथावकाश' अशा अर्थाने घेतात, पण १६११ च्या इंग्रजी बायबलात हेरोदियाची मुलगी योहानाचं शिर 'बाय अँड बाय' मागते, तिथे अर्थ आहे आत्ताच्या आत्ता. प्रेझेंटलीही आधी 'या क्षणी' होता, मग 'लवकरच' झाला, आणि स्कॉटलंड-अमेरिकेत 'सध्या' हा अर्थ चालत राहिला. माणसं 'लगेच येतो' म्हणतात आणि लगेच येत नाहीत, तेव्हा शब्दाचा अर्थच उशिराकडे सरकतो. आपल्या 'आत्ता आलोच'चं काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मिरजेची सिस्टर

सर, हे फार आवडलं. म्हणूनच औषधाच्या चार्टवर 'सून' कुणी लिहीत नाही. तिथे 'स्टॅट' असतो, लगेच या अर्थाच्या लॅटिन शब्दाचं लघुरूप, आणि तो अजून सैल पडलेला नाही. पेशंटने बेल वाजवली तर 'आय विल बी विथ यू शॉर्टली' म्हणायची इथे पद्धत आहे, पण शॉर्टली ऐकून झोपून राहिलेल्या माणसाला पाच मिनिटं आणि अर्धा तास यांतला फरक कसा कळणार? मी 'इन टेन मिनिट्स' म्हणते आणि दहा मिनिटांनी जाते.

कृष्णाकाठची, पत्राबाहेरचंही थोडं सांगते, कारण इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात हेच कानावर पडेल. यॉर्कशायरची जुनी माणसं अंटिलच्या जागी 'व्हाइल' म्हणतात. 'आय वर्क्ड नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. 'आय'ल वेट व्हाइल सिक्स' म्हणजे सहापर्यंत थांबतो. 'हाफ सिक्स' म्हणजे साडेसहा, हे सगळ्या इंग्लंडात. पण पोलिश आणि जर्मनमध्ये 'अर्धा सहा' म्हणजे साडेपाच, म्हणून वॉर्डात तिकडच्या कुणाशी बोलताना आकड्यात सांगायचं, सहा तीस.

सगळ्यांत जपायचं ते आयरिश पेशंटच्या बाबतीत. आजोबा म्हणतात, 'आय'म आफ्टर टेकिंग मी टॅब्लेट्स'. आपल्याला वाटतं, गोळ्या घ्यायच्या आहेत, मागतायत. अर्थ बरोबर उलटा आहे: गोळ्या नुकत्याच घेतल्या. आयरिश भाषेतली रचना त्यांच्या इंग्रजीत तशीच आली आहे. असं ऐकलं की हातातली गोळी ट्रेवर ठेवायची, चार्ट बघायचा आणि विचारायचं, 'व्हॉट टाइम डिड यू टेक देम?' दक्षिण आफ्रिकेच्या सहकारी असतील तर त्यांचं 'जस्ट नाउ' म्हणजे आत्ता नाही, नंतर कधीतरी. त्यातल्या त्यात लवकर हवं असेल तर त्या 'नाउ नाउ' म्हणतात.

कृष्णाकाठची

ताई, सर, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. क्लासच्या वहीतल्या प्रत्येक गोलाशेजारी आता कारण लिहून ठेवतेय. एक परिच्छेद पुन्हा लिहिला आहे. पत्राची तारीख १० मार्च धरली आहे. बघाल का?

'मिसेस एक्स वॉज अ‍ॅडमिटेड ऑन ३ मार्च विथ चेस्ट पेन, व्हिच हॅड स्टार्टेड टू डेज अर्लियर. शी हॅज बीन टेकिंग मेटफॉर्मिन फॉर सिक्स इयर्स. हर पेन हॅज सेटल्ड, बट शी स्टिल हॅज नॉट रिगेन्ड हर अ‍ॅपेटाइट. शी हॅज ऑलरेडी बीन सीन बाय द डाएटिशियन. प्लीज चेक हर ब्लड प्रेशर अंटिल १७ मार्च. शी विल बी रिव्ह्यूड इन क्लिनिक इन टू वीक्स.'

आणि एक विचारायचं राहिलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री बारापासून उपाशी ठेवायचं असेल तर 'फ्रॉम मिडनाइट ऑन ट्यूसडे' बरोबर ना?

मिरजेची सिस्टर

चांगलं झालंय गं. पहिली दोन वाक्यं तशीच ठेव.

'स्टिल हॅज नॉट रिगेन्ड' व्याकरणाने ठीक, पण विचार कर, तुला काय सांगायचंय? सात दिवसांत भूक यायला हवी होती आणि आली नाही, जीपीने लक्ष घालावं, असं असेल तर स्टिल राहू दे. हळूहळू येईल, चिंता नाही, असं असेल तर 'हर अ‍ॅपेटाइट हॅज नॉट फुली रिटर्न्ड यट'. नोट्समध्ये वजनाबद्दल काय लिहिलंय ते बघून ठरव.

'ऑलरेडी' काढून टाक. डाएटिशियनने बघितलंय, पुन्हा पाठवू नका, असं बजावायचं असेल तरच तो हवा. नाहीतर तारीख लिही: 'शी वॉज सीन बाय द डाएटिशियन ऑन ८ मार्च'. तारीख आली की 'हॅज बीन' जातं आणि 'वॉज' येतं, हे लक्षात ठेव. झालेल्या तारखेबरोबर इंग्रजीत हॅज बसत नाही.

'चेक हर ब्लड प्रेशर अंटिल १७ मार्च' यात रोज तपासायचं की एकदाच ते कळत नाही. रोज असेल तर 'डेली अंटिल', आणि १७ धरून असेल तर 'अप टू अँड इन्क्लूडिंग'. एकदाच असेल तर 'बाय १७ मार्च'. शेवटच्या वाक्यात दोन आठवड्यांच्या पुढे २४ मार्च घाल.

'मिडनाइट ऑन ट्यूसडे' लिहू नकोस. सोमवार संपून मंगळवार लागतो ते मिडनाइट, की मंगळवार संपून बुधवार लागतो ते? वाचणारे दोन्ही घेतात, आणि एका अर्थाने पेशंट चोवीस तास जास्त उपाशी राहतो. आमच्याकडे असं लिहितात: 'नथिंग टु ईट फ्रॉम ००:०१ ऑन वेन्सडे ११ मार्च'. पाण्याचं वेगळं लिहायचं. जेवण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं. तेव्हा रात्री बारापासून पाणीही बंद असं सरसकट लिहू नकोस, भूलतज्ज्ञांनी काय सांगितलंय ते बघ आणि तीच वेळ आकड्यात उतरव.